जयपूरची उमेदवारी

दिल्लीहून जयपूरला जाताना अलवर मागे पडले की खिडकीतून अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्या दिसू लागतात. या वाटेने मी पूर्वी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा हवामहाल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर हा सर्वांचा ठरलेला क्रम उरकून परतलो होतो. या खेपेस मात्र मला शहराच्या दक्षिणेस, मालवीयनगरात जायचे होते. माझी थोरली बहीण इंदूरला असते. तिची मुलगी यंत्र-अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. सुटीतील आठ आठवडे ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’त काम शिकण्यासाठी ती जयपूरला गेली होती, आणि ‘पोरगी एकटी कशी राहते ते एकदा पाहून ये’ असा ताईचा हुकूम सुटला होता.

अशा काम शिकण्याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे असा शब्द कानांवर आला की मन लगेच प्रतिशब्द शोधू लागते. ‘आंतरवासिता’ हा शब्द डॉक्टरांच्या कागदपत्रांत रुळला आहे, पण तो घरात बोलता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत एखादा मुलगा वकिलाच्या कचेरीत किंवा छापखान्यात बिनपगारी काम शिकू लागला की तो ‘उमेदवारी करतो’ असे म्हणत. आता उमेदवार म्हटले की निवडणूकच आठवते, त्याला इलाज नाही. मी मात्र भाचीच्या कामाला उमेदवारीच म्हणणार.

ती ज्या पायाच्या ओढीने तिथे गेली, त्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. ‘जयपूर फूट’ हे नाव अनेकांनी प्रथम ऐकले ते नर्तकी सुधा चंद्रन यांच्यामुळे. अपघातात पाय गमावल्यावर हा पाय बसवून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि 1986 साली ‘नाचे मयूरी’ या चित्रपटात स्वतःचीच भूमिका त्यांनी केली. पण हा पाय नाचण्यासाठी जन्मला नव्हता. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या ध्यानात आले की, परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय घेऊन गेलेले खेडूत काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवरच दिसतात. त्या पायाला बूट हवा आणि घोटा ताठ. बूट घालून स्वयंपाकघरात, देवळात किंवा चिखलाच्या शेतात जायचे कसे? उकिडवे बसायचे कसे, मांडी कशी घालायची? याचे उत्तर शोधण्यात त्यांना साथ मिळाली ती मास्टर रामचंद्र शर्मा या कारागिराची. शालेय शिक्षण बेताचेच, पण हात जयपूरचे! ज्या शहरात बांगड्या करणाऱ्यांच्या गल्लीला आजही ‘मणिहारों का रास्ता’ म्हणतात, तिथे हाताची विद्या ही पदवीहून धाकटी मानली जात नाही. सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणून थांबले असता ट्रकच्या टायरावर रबर चढविताना पाहून रामचंद्रांना युक्ती सुचली, असे सांगतात. 1968 साली पाय तयार झाला. आत लाकडाचा व स्पंजासारख्या रबराचा गाभा, वरून भट्टीत पक्के केलेले रबर, रंग आपल्या कातडीसारखा गव्हाळ आणि पुढे चक्क पाच बोटे. बुटाची गरजच उरली नाही.

पण वस्तू चांगली झाली म्हणजे ती माणसापर्यंत पोचते असे नाही. पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नासच्या आसपास पाय बसविले गेले. 1969 साली मोटार अपघातात ज्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला, त्या डी. आर. मेहता या सनदी अधिकाऱ्याने 1975 मध्ये ही समिती स्थापन केली, आणि तेव्हापासून कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या असे साहाय्य वीस लाखांहून अधिक लोकांना मिळाले आहे, तेही विनामूल्य.

भाचीचे लक्ष मात्र गुडघ्यावर होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या समितीबरोबर काम करून नायलॉनजातीच्या प्लास्टिकचा एक स्वस्त गुडघा घडविला. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2009 च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली. विद्यार्थीच ना ते? मग आपणही का नाही? असे म्हणून ही बाई स्वतःच्या गुडघ्याचे आराखडे वहीत घेऊन आली होती. शिवाय महाविद्यालयास द्यावयाच्या अहवालासाठी एक छापील प्रश्नावलीही होती. रुग्णाचे वय, वजन, दिवसाकाठी किती चालणार, जिने किती चढणार, असे चोवीस प्रश्न.

मी पोचलो तेव्हा ती नोंदणीच्या खोलीत होती. आधी वेळ ठरवून येण्याची इथे पद्धत नाही. कोणी खांद्यावर बसून येतो, कोणी फळीला चाके लावून. बरोबरच्या माणसासह त्याची राहण्या-जेवण्याची सोय होते. आत पलीकडे उरलेल्या पायाचा साचा प्लास्टरमध्ये घेतात आणि शेतीला पाणी नेणाऱ्या नळाच्या जातीचा प्लास्टिकचा नळकांडा भट्टीत मऊ करून त्या साच्यावर चढवितात. करवती, कानशी, हातोडे यांचा आवाज अखंड चालू. रुग्णालयापेक्षा सुताराच्या कारखान्याची आठवण व्हावी असे वातावरण. मला ते फार आवडले.

“मामा, बरा आलास,” ती म्हणाली, “आज माझी फजिती ऐक.”

परभणीकडची एक आजी आदल्या दिवशी आली होती. हिंदी येत नव्हते, म्हणून भाचीला बोलावले. हिने प्रश्नावली काढली. दिवसाकाठी किती चालता? जिने किती? आजीने चार-पाच उत्तरे कशीबशी दिली आणि मग म्हणाली, “लेकी, तू समदं इचारलंस, पर मला चुलीपुढं बसता यील का, ते सांग. नातीचं लगीन हाय. पंगतीत मला खुर्चीवर नाही बसायचं.”

चोवीस प्रश्नांत बसण्याचा एकही नव्हता. ज्या प्रश्नातून हा पाय जन्मला, नेमका तोच हिच्या कागदावर नव्हता! भाची हे हसून सांगत होती, पण कान लाल झाले होते.

दुसरी गोष्ट तिने दुपारच्या जेवणानंतर सांगितली, आणि ती सांगताना हसली नाही. बिहारमधला एक तरुण, तिच्याच वयाचा. रेल्वेखाली पाय गेलेला. समांतर दांड्यांना धरून त्याने नव्या पायावर पहिली चार पावले टाकली, तेव्हा हिने आनंदाने टाळ्या वाजविल्या. तो थांबला. “यह तमाशा है क्या?” एवढेच म्हणाला, बाकावर बसला आणि पाय काढून बाजूस ठेवला. कोणी किती विनविले तरी उठेना. मग एक वयस्क मिस्त्री हातातले काम टाकून आला, त्याच्या शेजारी बसला आणि आपल्या विजारीचा एक पाय त्याने गुडघ्यापर्यंत वर केला. खाली तोच गव्हाळ रबरी पाय. मिस्त्रीने उपदेश केला नाही. तुझ्या गावात विहीर आहे की हातपंप, असे काहीसे विचारीत तो बराच वेळ बसून राहिला.

“मी माफी मागायला हवी होती,” भाची म्हणाली. “पण मला शब्दच सुचले नाहीत. तुला सुचले असते?”

मला सुचले नसते, हे मी प्रामाणिकपणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भेटावयास गेलो, तेव्हा तो तरुण अंगणातल्या नळावर एकटा तोंड धूत होता. नवा पाय अनवाणीच ओल्या फरशीवर टेकलेला. भाची त्याच्याकडे न पाहता बाजूने निघून गेली. त्याने मात्र तिला हाक मारली आणि लोटा पुढे करून, जरा धरा, अशी खूण केली. हिने लोटा धरला. दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही.

माझी गाडी दुपारची होती. निघण्यापूर्वी तिने प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली. अर्धेअधिक प्रश्न खोडलेले होते. गुडघ्याच्या आराखड्यांचा विषय दोन दिवसांत तिने काढला नव्हता, मीही काढला नाही. “बसण्याचा प्रश्न पहिला घालते. हिंदी तपासून दे. उकिडवे बसणे याला चांगला शब्द काय?” मी थोडा विचार करून, कचेरीत शोभेल असे एक लांबलचक हिंदी वाक्य तिला लिहून दिले. तो वयस्क मिस्त्री मागेच उभा होता. त्याने कागद हातात घेतला, वाचला, भाचीच्या हातातली पेन्सिल घेऊन माझ्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘उकडू बैठते हो?’