देपालपूरच्या बेनजी

सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या गल्लीत एक छोटी गाडी थांबते. गडद निळ्या गणवेशातली बाई उतरते, पिशवी खांद्याला लावते आणि शेजारच्या आजोबांच्या दाराची घंटा वाजवते. आजोबांच्या पायाला जुनी जखम आहे. ती धुऊन पट्टी बदलायला ही डिस्ट्रिक्ट नर्स आठवड्यातून तीनदा येते. पायपुसण्यावर बूट पुसून ती मोठ्याने विचारते, "कसे आहात, लव्ह?" लिव्हरपूलमध्ये ओळखीचा असो वा अनोळखी, माणसाला ‘लव्ह’ म्हणायची रीत आहे. माझी आई सगळ्यांना ‘बेटा’ म्हणायची.

आईला जाऊन येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. तेव्हापासून ती निळ्या गणवेशातली बाई दिसली की मी हातातलं काम ठेवून खिडकीशी उभी राहते.

आमचं देपालपूर इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. काळी माती, सोयाबीन, गहू, लसूण आणि जवळच बनेडियाचा मोठा तलाव. होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलेली मराठी कुटुंबं इथेच रुजली, त्यांतलंच आमचं एक. घरात मराठी, अंगणाबाहेर माळवी. बाबा शाळेत गणित शिकवायचे. आई एएनएम होती, म्हणजे सरकारी भाषेत सहायक परिचारिका आणि प्रसाविका. गावासाठी ती ‘बेनजी’ होती.

सपाट मुलखात साधारण पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तिथे एक एएनएम, असा सरकारी हिशेब. कागदावर तो एका ओळीत बसतो. पायी चालताना त्याच ओळीची कितीतरी गावं होतात आणि पावसाळ्यात त्यांच्या वाटेवर चिखल गुडघ्यापर्यंत येतो. गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई, लोहाच्या लाल गोळ्या, बाळांचं लसीकरण, तापाच्या रुग्णांची चौकशी, कुटुंबनियोजनाची समजूत आणि या सगळ्याची रजिस्टरं. लसीची निळी पेटी तिच्या खांद्यावर असायची. लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी, म्हणून वैशाखात ती स्वतः उन्हात उभी राहायची आणि पेटी झाडाच्या सावलीत ठेवायची.

रात्रीची हाक ठरलेली. कडी वाजायची आणि बाहेर कुणीतरी धापा टाकत सांगायचं, "बेनजी, जल्दी चलो." आईच्या आधी बाबा उठायचे. कंदील आणि पुढे बॅटरी हीच त्यांची जबाबदारी. त्या घराच्या ओट्यावर ते बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत बसून राहायचे, मग पहाटे दोघं सोबत परत यायचे. त्यांच्या संसारातला निवांत गप्पांचा वेळ बहुधा तोच असावा.

आत जाऊन आई आधी साबणाने हात धुवायची. मग घरच्या बायकांना पाच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायची: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा स्वच्छ, आणि नाळेला काही लावायचं नाही. शेण नाही, राख नाही, हळद नाही. धनुर्वात नाळेच्या त्या ओल्या टोकातून शिरतो आणि आठवड्याभराचं बाळ दूध ओढेनासं होतं, हे तिने नोकरीच्या सुरुवातीला डोळ्यांनी पाहिलं होतं. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. मी फोनवर तिला ती बातमी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग आता कोणतंच बाळ तसं जाणार नाही ना गं?"

पोलिओचंही तसंच. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. त्याआधी पल्स पोलिओच्या कितीतरी रविवारी आई बस थांब्यावर, वीटभट्टीवर, मजुरांच्या पालांपाशी उभी होती. दोन थेंब आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण.

लहानपणी मी तिच्यावर रुसले होते, हे आज लिहून ठेवते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, आमच्याच तहसिलीतल्या गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होतं. हिंगोट हे एक रानफळ. ते पोखरून, वाळवून त्यात फटाक्यांची दारू भरतात. गौतमपुऱ्याचे तुर्रा आणि रुणजीचे कलंगी असे दोन गट ती पेटती फळं एकमेकांवर फेकतात. जखमी दरवर्षी होतात, म्हणून आरोग्य पथक तिथे हजर असतं. त्या पथकात आई असायची. पाडवा म्हणजे बायकोने नवऱ्याला ओवाळायचा दिवस. बाबा जेवायचे थांबायचे, मी चिडून झोपून जायची. एका वर्षी मध्यरात्री जाग आली तेव्हा आईच्या पदराला दारूचा आणि स्पिरिटचा वास येत होता आणि त्याच साडीत ती बाबांना ओवाळत होती. बाबांनी ताटात ओवाळणी टाकली आणि तिला पाटावर बसवून गरम पोळी वाढली. मी पांघरुणातून पाहत होते. लग्न म्हणजे काय, हे मला त्या रात्री दिसलं. पण माझा रुसवा त्यानंतरही बरीच वर्षं टिकला.

तो गेला तो या शहरात आल्यावर. आजोबांकडे येणाऱ्या नर्सचा हा पेशा मुळात लिव्हरपूलमध्ये जन्मला. 1859 साली इथले व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी आजारपणात गेली. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने केली होती. पैसा असलेल्या घरात इतका आराम मिळू शकतो, तर गरिबाच्या घरात आजारी बाईचं काय होत असेल, हा प्रश्न रॅथबोनना सोडेना. त्यांनी मेरीला तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरोघरी पाठवलं. महिन्याभरात ती रडत परत आली. तिथली दैना तिला बघवेना. रॅथबोननी समजूत घालून तिला पुन्हा पाठवलं आणि मुदत संपल्यावर तिनेच हे काम सोडायला नकार दिला. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने 1862 मध्ये इथे नर्सेसची शाळा निघाली आणि शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाला नर्स मिळाली. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण 1896 मध्ये त्यांनी आपल्या खेड्यांसाठी लेख लिहिला आणि घरोघरी जाऊन बायकांना आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रिया हव्यात असं मांडलं. तो वाचताना मला खांद्यावर निळी पेटी घेतलेली आई दिसत होती.

इथल्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मोठमोठ्या पुरुषांचे पुतळे आहेत. त्यांत एकच बाई आहे, किटी विल्किन्सन. 1832 च्या कॉलऱ्यात तिने आपल्या स्वयंपाकघरातला पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना कपडे धुवायला खुला केला. तीही कुणाची बायको होती, कुणाची आई होती. तिचा पुतळा बसला 2012 साली. त्या पुतळ्यासमोर उभी राहून मी एकदा आईला फोन केला होता. म्हटलं, "आई, तू काय केलंस ते मला इथे येऊन कळलं." ती म्हणाली, "अगं, ड्यूटी होती ती. तू जेवलीस का?"

तिच्या तेराव्याला आमच्या अंगणात जागा उरली नाही. बाया ट्रॅक्टरमधून आल्या होत्या. एक शेतकरी पुढे येऊन म्हणाला, मी बेनजींच्या हातावर जन्मलो आणि माझी मुलगीही. एका म्हातारीने आपल्या धडधाकट मुलाला हाताला धरून आणलं होतं. हा तीन दिवस दूध पीत नव्हता तेव्हा तुझी आई रात्रभर आमच्याकडे बसून होती, असं तिने मला सांगितलं. त्या रात्री मी घरी आईची वाट पाहत असेन. आज मला त्या रात्रीचं वाईट वाटत नाही.

नंतर बाबांबरोबर तिची कपाटातली जुनी टिपणवही चाळली. बाळाच्या आईचं नाव, गाव, तारीख, वजन, सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात. पानामागून पानं उलटली. बाळंतपण कुणी केलं, हे मात्र तिने एकाही पानावर लिहिलं नव्हतं.

तुमच्या जन्माच्या वेळी खोलीत कोण बाई होत्या, हे आज आपल्या आईला विचारा. नाव कळलं तर ते घरात लिहून ठेवा. आणि त्या सिस्टर, त्या बेनजी अजून हयात असतील, तर मुलाबाळांना घेऊन त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या पाया पडून या.