जहाजाचे स्थळ

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर वाद हाही एक पदार्थ दरवर्षी होतो. चकली एखाद्या वर्षी फसते; वाद फसलेला मला आठवत नाही. गेली कित्येक वर्षे त्याचा विषयही ठरून गेला आहे : सैनिक आणि रणगाडे पोटात घालून परक्या किनाऱ्यावर उतरवणारी जहाजे आपल्या वाढत्या आरमाराने कोणती घ्यावीत?

तुम्ही म्हणाल, आरमाराला सल्ला देणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. माझा जन्म बँकेत खर्डेघाशी करण्यात गेला. समुद्राशी संबंध म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगड्यांचा भाव करण्यापुरता. पण माझा थोरला भाऊ नौदलात होता आणि 'गुलदार' नावाच्या जहाजावर त्याने तीन वर्षे काढली. घरातल्या एकाचे एखाद्या गोष्टीवर फार प्रेम असले, की दुसऱ्याला तिच्यावर टीका करावीच लागते. त्याशिवाय घराचा तोल राहत नाही.

'गुलदार' पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली आपल्याकडे आलेली. लांबी जेमतेम ८४ मीटर. तिचे काम दादाने मला स्वयंपाकघरात, वहिनी करंज्या तळत असताना समजावले होते. असले जहाज सरळ किनाऱ्यावर येऊन टेकते. पण टेकण्याआधी मागच्या बाजूने एक नांगर पाण्यात सोडून ठेवते. पुढचे दार उघडते, फळी पडते, रणगाडे वाळूवर उतरतात. काम झाले, की पोटातल्या टाक्यांतले पाणी बाहेर टाकून हलके व्हायचे आणि त्या मागच्या नांगराच्या दोराने स्वतःला ओढत पुन्हा पाण्यात जायचे.

"सिंहगडावर परतीचे दोर कापले," दादा म्हणाला, "आमचे उलटे. आधी परतीचा दोर बांधायचा, मग पुढे जायचे."

मी म्हटले, "म्हणजे भित्रेपणाच की!" वहिनीने झाऱ्यासकट माझ्याकडे पाहिले, म्हणून तो वाद तेवढ्यावरच थांबला.

पण १९७१ सालची गोष्ट सांगताना दादा हसत नसे. डिसेंबरात, युद्ध संपत आलेले असताना, कॉक्स बझारजवळ आपले सैन्य समुद्रातून उतरवायचे ठरले. जहाजे होती 'घडियाल' आणि आधीची, पहिली 'गुलदार'. किनारा जवळ दिसत होता. पण मध्ये पाण्याखाली वाळूचा बांध होता. जहाज त्या बांधावरच टेकले, आणि बांधाच्या पलीकडे पुन्हा खोल पाणी! पहिले जवान उतरले, त्यांतले दोन गोरखा बुडाले. जहाज नादुरुस्त नव्हते, जवान भित्रे नव्हते. किनाऱ्याची नीट ओळख मात्र कोणी करून घेतली नव्हती.

"आपला म्हातारा तांडेल काय सांगायचा?" दादा विचारी आणि उत्तरही स्वतःच देई, "होडी खयची व्हयी, ता किनाऱ्याक इचार."

दुसऱ्या जातीचे जहाज किनाऱ्याला शिवतच नाही. हा धडा त्याने मुलांना परातीत शिकवला. पातेल्याची मागची बाजू हळूच पाण्यात कलती केली. आत पाणी शिरले, आतल्या वाट्या तरंगत बाहेर आल्या. मोठे जहाज असे मुद्दाम आपला मागचा भाग बुडवते आणि पोटातल्या लहान होड्या बाहेर सोडते. होड्या किनारा गाठतात. मोठे जहाज दूर, खोल पाण्यात उभे. वरून हेलिकॉप्टरेही उडतात. धक्का असो वा नसो, त्याचे अडत नाही.

ही सोय किती मोलाची, ते २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखवले. अंदमान, श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया – आपली जहाजे सगळीकडे मदत घेऊन धावली. पण लाटेने धक्केच मोडले असतील, तर सामान उतरवायचे कुठे? मग २००७ साली अमेरिकेकडून एक मोठे जहाज घेतले. किंमत सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर. वजन जवळजवळ १७,००० टन, हजारभर सैनिक आणि चार होड्या मावतील एवढे पोट. नाव ठेवले 'जलाश्व', म्हणजे पाणघोडा.

तिचे वय ऐकून मी उडालोच. १९७१ चा जन्म! "दादा," मी म्हटले, "छत्तीस वर्षांची घोडनवरी करून आणलीत, तीही दुसऱ्याने घराबाहेर काढलेली!" पुढल्या वर्षी लेखापरीक्षकांचा अहवाल आला. खरेदीपूर्वी जहाजाची नीट तपासणी झाली नाही, असा त्यात ठपका होता. मी ते कात्रण फराळाच्या ताटाशेजारी ठेवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या जहाजावर विषारी वायूने नौसैनिक दगावले होते. दादा कात्रण वाचून काही बोलला नाही. पानावरचा लाडूही त्याने तसाच ठेवला. आज मला त्या कात्रणाची लाज वाटते.

दरम्यान नवीन, तरुण स्थळे पाहणे चालूच होते. २०१३ साली अशी चार मोठी जहाजे देशातच बांधण्यासाठी निविदा मागवल्या. स्पेनची नक्कल पाहिली, फ्रान्सची पाहिली. पत्रिका जुळतात, देणेघेणे अडते; देणेघेणे जुळते, तर दुसरेच काही निघते. सात वर्षे गेली आणि २०२० साली ते प्रकरणच मोडले. मी मात्र ठामपणे सांगत असे, "थांबा. जुने घेण्यापेक्षा थांबलेले बरे."

त्याच २०२० च्या मे महिन्यात माझी मुलगी मालदीवमध्ये अडकली होती. जावई हॉटेलात कामाला. हॉटेले बंद, विमाने बंद, आणि तिला सातवा महिना. आम्ही नवराबायको टेलिफोनपाशी बसून असायचो. एका रात्री तिचा निरोप आला : "बाबा, आम्हाला जहाजात घेतलं." मी नाव विचारले. तिने सांगितले. मी दोनदा विचारले.

१० मे रोजी 'जलाश्व' ६९८ माणसे घेऊन कोचीला लागली. त्या मोहिमेत धाकट्या जातीची 'मगर', 'शार्दूल', 'ऐरावत' हीही होती. सगळ्यांनी मिळून ३,९९२ माणसे घरी आणली. परक्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायला निवडलेली जहाजे, आणि ती आपलीच माणसे परत आणत होती!

मी दादाला फोन केला. वाटले, तो आता तेरा वर्षांचे उट्टे काढणार. तो एवढेच म्हणाला, "पोरगी जेवली का?"

नंतर मी पुष्कळ विचार केला. जुनी वस्तू घ्यावी, असे मी आजही म्हणणार नाही. तिची किंमत नौसैनिकांनी मोजली आहे. पण कागदावरच्या त्या चार सुंदर जहाजांनी सात वर्षांत एकाही माणसाला घरी आणले नाही, हेही खरे. थांबण्यालाही किंमत असते. ती अहवालात छापून येत नाही, एवढेच. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारने मोठ्या जहाजांना पुन्हा तत्त्वतः संमती दिली. अक्षता लवकर पडोत.

आणि 'गुलदार'? १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला ती सेवेतून निवृत्त झाली. पुढच्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे आली. निवतीच्या खडकांजवळ तिला तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे, अशी योजना. म्हणजे आमच्याच दारात!

परवा आम्ही निवतीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दूर खडकांवरचा दीपस्तंभ दिसत होता. नातीने – त्या वेळी पोटात बसून 'जलाश्व'वरून आलेली तीच – विचारले, "आजोबा, तुमचं जहाज बुडवणार?"

"बुडवणार कसले," दादा म्हणाला, "टेकवणार. ते काम तिला चांगलं येतं."

मग माझ्याकडे वळून त्याने नेहमीचा प्रश्न टाकला, "काय रे, आरमाराने आता कुठलं जहाज घ्यावं?"

माझ्याकडे मत होते. पण मी ते पुढच्या दिवाळीसाठी राखून ठेवले.