महाप्राण कुठे गेले?

वारसा हा बापाकडून मुलाकडे यावा अशी जगाची रीत आहे. आमच्या घरी तो उलट्या वाटेने आला. चिरंजीव इंजिनिअर होण्यासाठी पुण्यास गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सुटे भाग जोडून उभा केलेला संगणक माझ्या टेबलावर येऊन बसला. जाताना त्याने एकच सूचना केली, "बाबा, याचं झाकण तेवढं उघडू नका." झाकणाच्या आत आपण काय करून ठेवले आहे, हे मात्र तो सांगून गेला नाही.

करून ठेवले होते ते असे. विदर्भात ज्यांनी शंकरपट पाहिला असेल त्यांना चटकन कळेल. वखराला जुंपायचा बैल निराळा आणि पटात पळवायचा निराळा. त्याचा खुराकही निराळा. माझ्या यंत्रातल्या रॅमच्या दोन पट्ट्यांवर कारखान्याने ३२०० हा वेग छापून दिला होता. चिरंजीवांनी तो ३६०० केला आणि १.३५ व्होल्टचा खुराक १.४ वर नेला. कशासाठी? तर खेळात शत्रू अधिक झपाट्याने मरावेत म्हणून! मी बापडा त्याच यंत्रावर शब्द टिपत होतो. पटाच्या बैलाला मी वखराला जुंपले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

हे शब्द कुणाचे तेही सांगायला हवे. हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात एक प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी जन्मभर वऱ्हाडी शब्द गोळा केले. परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या पानांच्या सहा वह्या शिवल्या आणि त्यांत वावरातले, चुलीपुढचे, बाजारातले सुमारे दोन हजार शब्द अर्थांसह लिहिले. ते वारल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. मी त्या २०२४ च्या मार्चपासून टंकित करू लागलो आणि मे उजाडायच्या आत काम उरकून, मोठ्या सचोटीने, परत करून आलो. पुढे त्या घराची डागडुजी निघाली आणि वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. मूळ गेले. उरले ते माझ्या यंत्रात.

मे महिना लागला. नागपूरचा मे महिना! माझी अभ्यासाची खोली गच्चीच्या बरोबर खाली. दुपारी दोनच्या सुमारास कूलरच्या टाकीतले पाणी संपते आणि मग तो फक्त झळा खोलीभर वाटत राहतो. अशा वेळी यंत्राचा पडदा एकाएकी निळा होई, त्यावर काही इंग्रजी शोकसंदेश उमटे आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मी ते उन्हावर घातले. आपण तरी दुपारी कुठे शुद्धीवर असतो?

याच दिवसांत मला एक शोध लागला. यादी चाळताना दिसले की, गुरुजींच्या बोलीत महाप्राण झडतात. 'धुरा' म्हणजे शेताचा बांध, तो 'दुरा' झाला आहे. 'तिफण' 'तिपण' झाली आहे. टोमॅटोला आपल्याकडे 'भेदरं' म्हणतात, तिथे 'बेदरं' आहे. असे एक्केचाळीस शब्द निघाले. अल्पप्राणीकरण! ते मात्र सरसकट नव्हते. ढेप ती ढेपच, खुरपे ते खुरपेच, घोंगडीही शाबूत. म्हणजे कंठ्य आणि मूर्धन्य महाप्राण टिकतात. तालव्य, दंत्य आणि ओष्ठ्य तेवढे झडतात. या चमत्काराची कारणमीमांसा करणारा दीड पानांचा परिच्छेद मी लिहिला. जुलैतल्या एका चर्चासत्रासाठी निबंध तयार झाला. पंचेचाळिशीत माणसाला एखादा सिद्धान्त सुचावा, आणि तोही घरबसल्या, यापरते सुख नाही.

एक शंका मला आली होती, नाही असे नाही. माझ्या कळफलकावर 'द'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ध' उमटतो, 'प'चा 'फ' होतो. शिफ्टची कळ ढिली झाली असली तर? पण मग 'ख', 'घ', 'ठ', 'ढ' हेही शिफ्टनेच उमटतात. त्यांना का धक्का नाही? शंका फिटली. सिद्धान्त उलट अधिकच पक्का झाला.

निळ्या पडद्यावर इलाज मात्र हवा होता. मुलाला फोन केला. त्याने मेमटेस्ट८६ नावाची तपासणी सांगितली. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे आणि तिला रॅमचा कानाकोपरा धुंडाळू द्यायचा. मी रात्री अकराला ती लावली आणि झोपलो. सकाळी पाहतो तो चारही फेऱ्या निर्दोष! मग सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याला गाठले. त्याने पट्ट्या काढल्या आणि त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. खोडरबर पाहून मला फार बरे वाटले. माझ्या ओळखीचे तेवढे एकच हत्यार त्या दुकानात होते. पट्ट्या परत देताना तो म्हणाला, "सर, रात्री कायले तपासून राहिले? दुपारी दोनला लावा, कूलर बंद करून. मंग पाहा गंमत."

गंमत पाहिली. नवतपा चालू होता. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवून देशभर खळबळ उडविली होती. पुढे हवामान खात्याने तो सेन्सरचाच दोष ठरविला. मी घाम पुसत बसलो. विसाव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या. एका रकान्यात 'काय हवे होते' आणि दुसऱ्यात 'काय मिळाले'. हवे होते ते सगळे एफ. मिळाले त्यात शेवटचा एफ जाऊन ई. ओळीमागून ओळ, तीच चूक. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. एक साफ, दुसरी कोणत्याही खाचेत घातली तरी तेच रडगाणे.

मुलाने फोनवर उलगडा केला. रॅममधला प्रत्येक अंक म्हणजे विजेचा एक थेंब, आणि तो ठेवायचे मडके गळके. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मडकी पुन्हा भरावी लागतात. ऊन वाढले की गळती वाढते. त्यात वाढविलेल्या वेगामुळे मडक्यात पाणी आहे की नाही हे नीट पाहायलाही सवड उरत नाही. मग असलेल्या एकाचा शून्य वाचला जातो. "म्हणजे आकडा एकाने कमी होतो," तो म्हणाला.

एकाने कमी! मी विचारले, "अरे, अक्षरांनाही यात आकडे असतात का?"

"असतात ना. युनिकोड. पण बाबा, तुम्ही झाकण उघडलं का?"

त्याने पाठविलेला तक्ता मी पुढे घेतला. 'द' २३४२, 'ध' २३४३. 'प' २३४६, 'फ' २३४७. 'ब' २३४८, 'भ' २३४९. आणि 'ख' २३२६, 'घ' २३२८, 'ठ' २३३६, 'ढ' २३३८! वर्गात अक्षरे पाच, म्हणून 'त' वर्गापर्यंत वर्ग बदलला की सम-विषम उलटते. विषम आकड्यांचे महाप्राण शेवटचा एक गळून अल्पप्राण झाले होते. सम आकड्यांना गळायला शेवटी एक नव्हताच, म्हणून ते जगले. माझ्या दीड पानांच्या कारणमीमांसेचे कारण एवढेच होते. विषम 'ह'चा सम 'स' आणि 'ळ'चा 'ल' झालेलाही मी पाहिला होता. पण ती माझीच टंकनचूक समजून मी निमूटपणे सुधारली होती. जी चूक माझ्या सिद्धान्तात बसली तेवढीच मी बोली मानली.

मला लाज वाटली ती यासाठी की, मी वर्गात पाठचिकित्सा शिकवितो. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, त्यातून नाना पाठ निघाले, अशी महानुभावांची परंपरा आहे. याच नागपुरात वि. भि. कोलते यांनी पोथ्यांशी झगडून १९७८ मध्ये त्याची प्रत संपादिली. लेखनिकाची चूक ओळखायची तर आधी लेखनिक ओळखावा, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. जुना लेखनिक 'घ' आणि 'ध' यांत फसतो, कारण ती दिसायला सारखी. माझ्या लेखनिकाला डोळेच नव्हते. त्याला नुसते आकडे होते.

बायोसमध्ये जाऊन मी वेग २६६६ वर आणला. पट्टीवरचे ३२०० ठेवले असते तरी चालले असते म्हणतात, पण मास्तराला कसली घाई? भर दुपारी, कूलर बंद ठेवून, चारही फेऱ्या निर्दोष गेल्या. निबंध मागे घेतला. पहिल्या दोन वह्यांची छापील प्रत मी एप्रिलमध्येच काढून ठेवली होती. तिच्यावरून सतरा शब्द सुटले. उरलेले चोवीस कागदावर उतरवून जुलैत मी हिंगणघाटची गाडी धरली.

गुरुजींच्या पत्नी ऐंशीच्या पुढच्या आहेत. ओसरीवर बसून मी एकेक वस्तू वर्णन करून विचारी आणि त्या नाव सांगत. शब्द मी आधी उच्चारायचा नाही असे ठरविले होते. धुरा, तिफण, सारे महाप्राण धडधाकट परत येत होते. तेवीस झाले. शेवटी मी म्हणालो, "काकू, ते लाल असते, आंबट, भाजीत घालतात..."

"भेदरं!" त्या हसल्या. "त्याची चटनी खाल्ली का कधी, भाऊ? थांबा, घरी बेदरं हायेत."

"काय म्हणालात, काकू? पुन्हा एकदा म्हणा."

पण त्या केव्हाच आत चुलीकडे गेल्या होत्या. मी दोन्ही रूपे पेन्सिलीने लिहून घेतली आणि चटणीची वाट पाहत बसलो.