घोड्याचं देणं

मी ज्यांचं देणं लागतो त्यांत पहिला मान एका घोड्याचा. तो कुठला, कसा दिसायचा, मला ठाऊक नाही. त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं माझ्या आत्याच्या शिरेत गेली आणि ती वाचली, एवढं मात्र पक्कं.

चिंचणीजवळच्या शेतात भातकापणीला वाकलेली असताना आत्याला घोणस चावली. बाबांनी भगताकडे न थांबता तिला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी उभी करून ठेवली आणि घड्याळ पाहिलं. ‘‘वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.’’ एरवी तेवढ्या वेळात रक्त गोठतं. वीस मिनिटांनी त्यांनी नळी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. घोणशीच्या विषाने रक्तातले गोठवणारे घटकच संपवले होते. मग पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या आल्या. नर्सबाई त्यांत पाणी घालून बाटली तळहातांत हलकेच फिरवत होत्या. जोरात हलवली की फेस होतो. मी विचारलं, हे कशाचं? डॉक्टर म्हणाले, ‘‘घोड्याच्या रक्ताचं.’’ मला ते खरं वाटेना. ते खरं कसं, हे समजून घेण्यातच पुढे माझी सगळी नोकरी झाली.

घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी कमी मात्रेपासून चढत्या मात्रेत टोचतात. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून, पेप्सिनने छाटून, वाळवून बाटलीत भरली जातात. यातलं विषही कुणाचं तरी देणं आहे. तमिळनाडूतली इरुळा समाजातल्या सापवाल्यांची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था सापांचं विष काढण्याचं काम करते. देशातलं बरंचसं विष तिथूनच येतं.

या उसन्या प्रतिपिंडांची एक गंमत आहे. लस घेतली तर शरीर स्वतः शिकतं आणि ते वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतं. आयती मिळालेली प्रतिपिंडं मात्र काही दिवसांत निघून जातात, मागे आठवण म्हणून काही राहत नाही. उलट आठवड्याभराने आत्याला ताप आला, सांधे धरले. तिचं शरीर आता घोड्याच्याच प्रथिनांशी भांडत होतं! क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली या दुखण्यावर पुस्तक लिहिलं. उपकार विसरणं हा शरीराचा धर्मच. म्हणून तो लक्षात ठेवायची जबाबदारी माणसावर येते.

बोईसरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी माझ्या घोड्याच्या प्रश्नाला हसून वाटेला लावलं नाही. त्यांनी मला बेरिंग आणि किटासाटो यांची १८९०ची गोष्ट सांगितली: धनुर्वात होऊ न देणारं रक्तद्रव एका प्राण्यातून दुसऱ्यात देता येतं, हे त्यांनी दाखवलं होतं. पुढे नोकरीसाठी मी फ्लाइंग राणी या गाडीच्या दुमजली डब्यातून दादर आणि तिथून परळ गाठू लागलो. परळला हाफकिन संस्था होती. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे ऐकून तिथल्या पायऱ्या चढताना पाय जड व्हायचे.

पण हात तयार केला तो तिथल्या लॅबमधल्या मदतनीस मामांनी. त्यांच्याकडे पदवी नव्हती. प्रतिपिंडं मोजायच्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये थेंब सोडताना पिपेटचं टोक कडेला टेकवायचं, धुऊन झाल्यावर प्लेट उलटी करून टिपकागदावर सपकन आपटायची, एकही थेंब मागे राहता कामा नये, हे त्यांनी शिकवलं. राहिला, तर जिथे काही नाही तिथेही रंग चढतो आणि माणूस खुळ्यासारखा खूश होतो. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवण्याची युक्ती दिली. माझ्या पिढीने तिच्यावर पोट भरलं, पण माझ्या प्रत्येक आकड्यामागे मामांची ती सपकन आपटलेली प्लेट आहे.

काम अजून संपलेलं नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तमिळनाडूतल्या घोणशीवर चालणारी बाटली आपल्याकडच्या घोणशीवर तितकीच चालेल असं नाही. शिवाय नुसती बाटली असून भागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने आदिवासी पाडे, भगत आणि सरकारी डॉक्टर यांना सर्पदंशाबद्दल काय माहीत आहे याचा अभ्यास केला. प्रतिपिंडं कितीही चांगली असली, तरी ती वेळेत शिरेत जायला हवीत.

म्हणून पालघर-बोईसरकडच्या शाळांतून बोलावणं आलं की मी जातो आणि एवढंच सांगतो: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. घोड्याला काही परत करता येत नाही. एखाद्या घरातली आत्या वेळेत पोचली, तर निदान एक हप्ता फिटला असं मी धरतो.