वचनाचा मान

इंग्रजी नामांची अनेकवचने शिकविताना ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’ आणि ‘फूट’चे ‘फीट’ होते, एवढे सांगून पुष्कळ शिक्षक निश्चिंत होतात. आमचा अनुभव असा की, ही चमत्कारिक रूपे विद्यार्थ्यांस फारशी छळीत नाहीत. ती पाठ केली म्हणजे झाले. खरी अडचण येते ती साध्या शब्दांत. मराठीत डोक्याचे केस ‘पांढरे होतात’, म्हणून विद्यार्थी ‘हेअर’ला निःशंकपणे ‘एस्’ जोडतो. आपण सल्ले देतो, म्हणून तो ‘अ‍ॅडव्हाइसेस’ लिहितो. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, विजार एक. इंग्रजाच्या घरी मात्र ह्या तिन्ही वस्तू अनेकवचनी. पाती दोन, भिंगे दोन, पाय दोन, असा तो हिशेब! आपल्या इकडचा पायजमा विलायतेस गेला, तर त्यासही तेथे ‘एस्’चे शेपूट चिकटले.

परंतु ज्या चुकीवर तांबडी शाई फिरविताना आमचा हात अडखळतो, ती निराळीच आहे. नगर जिल्ह्यातील खेड्यातून आलेला मुलगा ‘माय फादर आर ए फार्मर’ असे लिहितो. अहिल्याबाई होळकर १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीस जन्मल्या. २०२४ साली जिल्ह्यास त्यांचे नावही मिळाले. त्यांच्यावरील निबंधात हाच मुलगा ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’ घालतो. व्यक्ती एक, हे त्यास ठाऊक नाही काय? पण वैयाकरण ज्यास आदरार्थी बहुवचन म्हणतात, ते त्याच्या हाडीमांसी खिळलेले असते. क्रियापद एकवचनी करणे म्हणजे बाईंस ‘ती आली, ती गेली’ म्हणण्यासारखे त्यास वाटते.

इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ एकवचनी आणि ‘यू’ अनेकवचनी होते. थोरांस मानाने ‘यू’ म्हणता म्हणता ते सर्वांसच लागू झाले आणि ‘दाऊ’ बहुतेक लोपले. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक लहानथोर सर्वांस ‘दाऊ’ म्हणत, म्हणून प्रतिष्ठितांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. स्वतःस ‘आम्ही’ म्हणविण्याची हौस तेवढी तेथील राजांस व संपादकांस राहिली. हा लेख लिहिणारे आम्हीही एकटेच आहो, पण ते असो.

गंमत अशी की, त्याच मुलाच्या वहीत ‘मदर’पुढे ‘इज’ बिनचूक येते. घरी ‘वडील आले’, पण ‘आई आली’! आईस मान कमी, म्हणून हे एकवचन, असे कोणी म्हणेल. कित्येक घरी ते खरेही आहे. तथापि पंढरीच्या विठोबासही आपण ‘तू’च म्हणतो, हे विसरून चालणार नाही.

अलीकडे ‘ए बाबा’ म्हणून हाक मारणारी मुले वर्गात पुष्कळ आहेत. त्यांच्या निबंधात ‘फादर’पुढेही ‘इज’च असते. त्याचे गुण पुरे द्यावे लागतात, ते आम्ही देतो.