सहा की चोवीस?

दुसऱ्याच्या पैशाने वस्तू घ्यायची असली, की माणूस हटकून मोठ्यात मोठी पसंत करतो. गेल्या मे महिन्याच्या सुटीत अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा माझे तसेच झाले.

भाच्याच्या गवताच्या शेतात ग्राउंडहॉगांनी बिळे केली होती. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, पण मांजराएवढा गुबगुबीत प्राणी. याच प्रांतात १८८७ सालापासून दर २ फेब्रुवारीला एका ग्राउंडहॉगला थाटामाटाने बाहेर काढून थंडी किती उरली ते विचारतात. एरवी मात्र बिळात ट्रॅक्टरचे चाक रुतले, की शेतकरी बंदूक काढतो.

भाच्याला रायफलीवर दुर्बीण बसवायची होती. दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. एक ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, दुसरी ६ ते २४ पट.

"मामा, कुठली घेऊ?"

जत्रेतल्या फुग्यांपलीकडे मी कधी नेम धरलेला नाही. पण मास्तर प्रश्नाला अडतो थोडाच! "चोवीसची घे. गणित सोपे आहे."

शेताच्या कडेला पालथे पडून रिकाम्या रायफलीच्या दुर्बिणीतून पाहिले, आणि गणित चुकले. चोवीस पटीला प्राणी मोठा होतो, तसा हाताचा कंपही मोठा होतो. ऊन चढले की तापलेली हवा लहरू लागते आणि ग्राउंडहॉग पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो. पुढची काच ५० मिलिमीटरची. तिला पटीने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. सहाला आठ मिलिमीटर, चोवीसला जेमतेम दोन. म्हणून सांजावताना सारे काळवंडते. शिवाय शंभर यार्डांवर सहा पटीला सुमारे १६ फूट रुंदीचा टापू दिसतो, चोवीसला अवघा चार फूट.

या चार फुटांचा अर्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळला. भाचा नेम धरून होता. मी शेजारी साध्या डोळ्यांनी पाहत बसलो होतो. बिळामागच्या उंच गवतात काही तरी लाल हलले.

"थांब!" मी ओरडलो.

भाच्याने बोट काढले. शेजारच्या शेतकऱ्याचा नातू लाल टोपी घालून, खाली वाकून चेंडू शोधत होता. दुर्बिणीत तो नव्हताच. तिथे ग्राउंडहॉगच्या मिशा मात्र लख्ख दिसत होत्या. भाच्याने रायफल रिकामी केली, तेव्हा त्याचे हात कापत होते. माझेही.

भाच्याने रात्री जाऊन शेजाऱ्याला सारे सांगितले. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शोधायचे ते सहावर. आजूबाजूला काय आहे, मागे काय आहे, ते आधी साध्या डोळ्यांनी पाहायचे. मग लागलेच तर बारा. आणि मनात जरा शंका आली, तर घरी जायचे."

दुर्बीण मी निवडली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

परवा भाच्याचा फोन आला. दुर्बिणीच्या कड्यावर सहाच्या आकड्याशी त्याने लाल रंगाचा ठिपका लावला आहे. त्या टोपीच्याच रंगाचा.