टाक्यांनंतरची रात्र

हृदयशस्त्रक्रियेची चर्चा निघाली की ती शल्यविशारदाचे नाव आणि खर्चाचा आकडा यांवर येऊन थांबते. छाती शिवून झाल्यानंतरची रात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही. इंदापूर-बारामतीकडचा रुग्ण पुण्यास नेला, तर नातेवाईक ती रात्र बाहेरच्या बाकावर काढतात. आत खाटेजवळ उभा असतो तरुण निवासी डॉक्टर.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण अवघे काही तास जगला. शस्त्रक्रिया पार पडली तरी खरी कसोटी पुढेच असते, हे त्या धाडसी प्रयत्नानेही दाखवून दिले.

ही कसोटी निवासी डॉक्टरला शिकावी लागते. रक्तदाब, श्वासयंत्र, रक्तातील पोटॅशियम, तासागणिक होणारी लघवी, छातीतील नळीतून येणारे रक्त या साऱ्यांची नोंद त्याने ठेवायची आणि त्या नोंदींचा परस्परांशी मेळही घालायचा. नळीतील रक्त एकाएकी थांबले की नवख्यास हायसे वाटते. परंतु त्याच वेळी रक्तदाब घसरत असेल आणि मानेतील शिरेचा दाब चढत असेल, तर नळी गुठळीने बंद होऊन रक्त हृदयाभोवती साचत असण्याचा धोका असतो. मग छाती तातडीने पुन्हा उघडावी लागते. फुफ्फुसाच्या रुग्णाची तऱ्हा निराळी. त्यास सलाईन जपून द्यावे लागते. वेदना आवरली नाही तर तो खोकत नाही आणि कफ साचतो. हे पुस्तकात असते. पण मध्यरात्री ओळखण्याची नजर वरिष्ठांच्या शेजारी उभे राहूनच येते. शंका येताच वरिष्ठांना निःसंकोच उठवणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आंतरवासितेसह पदवीची साडेपाच वर्षे, एम.एस.ची तीन आणि एम.सीएच.ची तीन, अशी बेरीज साडेअकरा होते. पहिल्या तुकडीतील विद्यार्थी कोठेही न अडखळता हृदयशल्यविशारद झाला, तरी २०३१ उजाडेल.

आपल्याकडे दानशूरांची वाण नाही. यंत्र दिले की पाटी लागते. एखाद्या निवासी डॉक्टरची प्रशिक्षणवृत्ती किंवा सरावासाठीचा कृत्रिम मानवी देह दिला तर कदाचित पाटी लागणार नाही. मात्र बाकावर बसलेल्या नातेवाइकांची रात्र त्यावरच अवलंबून असते. पुढचे दान ठरवताना एवढा विचार अवश्य व्हावा.